ट्रंकेत सापडलेला बिलियर्ड्सचा बॉल: हस्तिदंत की प्लास्टिक?

पेन्सिलचोर

आजोबांची जुनी ट्रंक रिकामी करताना लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला एक बॉल निघाला. बिलियर्ड्सचा असावा, कारण आजोबा तरुणपणी खेळायचे एवढं ऐकून आहे. रंग जुन्या पुस्तकाच्या पानासारखा, आकाराच्या मानाने जड, गालाला लावला तर बराच वेळ गार लागतो. एका जागी सुईने टोचल्यासारखा काळा ठिपका आहे. साच्यातला हवेचा बुडबुडा असेल.

खरी गंमत पुढे. काचेच्या टेबलावर हलकेच सोडला की शेवटच्या वीतभर अंतरात तो डुलतो, थोडा मागे येतो, पुन्हा पुढे जातो आणि मग थांबतो. थांबल्यावर तो ठिपका कधीच वर नसतो, नेहमी कुठल्यातरी कुशीवर. आधी टेबल तिरकं वाटलं. उलट्या दिशेने सोडला, जमिनीवर काच ठेवून सोडला, तरी तेच.

तर प्रश्न दोन. बॉल कशाचा आहे? आणि तो असा का डुलतो?

उंटावरचा_शहाणा

सोपं आहे. सुई लालभडक तापवून टोचा. प्लास्टिक असेल तर आत जाईल, हस्तिदंत असेल तर जळक्या केसांचा वास येईल.

कापूरगौर

अहो थांबा! सुई अजिबात नको!

तो बॉल सेल्युलॉइडचा निघाला तर तुम्ही पेटत्या काडीने गंधक तपासायला गेल्यासारखं होईल. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. नायट्रोसेल्युलोजचाच जास्त नायट्रोजनवाला भाऊ म्हणजे गनकॉटन, बंदुकीच्या दारूत वापरतात तो. जुन्या सिनेमांच्या रिळांना आगी लागायच्या त्या याच पदार्थामुळे.

कोरड्या अंगठ्याने एक जागा मिनिटभर जोरात घासा आणि लगेच हुंगा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. नाही आला तरी पुढची पायरी सुई नाही, हे लक्षात असू द्या.

उंटावरचा_शहाणा

बरं बाबा. उंटावरून खाली उतरलो.

तिरपी_नजर

मोजा एकच कसा?

पेन्सिलचोर

@कापूरगौर, घासला. कापूर नाही, कसलाच वास नाही. अंगठा मात्र लाल झाला.

जुनं_कपाट

कापूरगौर यांनी विषय काढलाच आहे तर थोडा इतिहास.

हा खेळ मुळात हिरवळीवरचा. पंधराव्या शतकात उत्तर युरोपात लाकडी बॉल जमिनीवर दांड्याने ढकलायचा खेळ होता, तो उचलून टेबलावर आणला. टेबलाचं कापड हिरवं असतं ते त्या गवताची आठवण म्हणून. सुरुवातीचे बॉल लाकडाचे आणि मातीचे, मग सतराव्या शतकापासून हस्तिदंताचे. काठीही आजच्यासारखी नव्हती, पुढे जाड डोकं असलेल्या दांड्याने बॉल ढकलत. भिंतीला चिकटलेल्या बॉलला ते जाड डोकं नीट लागेना, म्हणून लोक दांडा उलटा करून बारीक शेपटीने मारू लागले. फ्रेंचमध्ये शेपटीला ‘क्यू’ म्हणतात, तोच आपला क्यू.

हस्तिदंतात अडचण अशी की अख्ख्या सुळ्यातून चांगले बॉल निघायचे जेमतेम चार-पाच. सुळ्याच्या मधोमध लांबीभर नसेची बारीक पोकळी असते. बॉल कातताना ती बरोबर मध्यातून जावी लागे, नाहीतर एक बाजू जड. त्यामुळे जाडजूड वाकड्या सुळ्यांपेक्षा हत्तिणींचे बारीक, सरळ सुळे कातारी पसंत करत. ओबडधोबड गोळा कातून महिनोन्‌महिने सुकत ठेवायचा, मग शेवटचा हात फिरवायचा. एवढं करूनही हवा बदलली की बॉल आकार सोडायचा, आणि परत लेथवर जायचा. दर खेपेला जरा लहान होऊन.

१८६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या फेलन अँड कोलेंडर या टेबलं बनवणाऱ्या कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं. ते वाचून ऑल्बनीचा जॉन वेस्ली हायट कामाला लागला. छपाईच्या धंद्यातला माणूस, रसायनशास्त्र शिकलेला नाही. इंग्लंडात अलेक्झांडर पार्क्सने १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात नायट्रोसेल्युलोजपासून केलेलं प्लास्टिक मांडलं होतं, पण ते टिकेना, तडकायचं. हायटने त्यात कापूर घालून उष्णता आणि दाब वापरला, आणि १८७० मध्ये भावाबरोबर पेटंट घेतलं. तेच सेल्युलॉइड.

त्याचे आधीचे बॉल तर जवळजवळ शुद्ध गनकॉटनच्या पापुद्र्याने मढवलेले असत. हायटने पुढे १९१४ मध्ये स्वतःच सांगितलं आहे की पेटती सिगार टेकली तर बॉल भडकायचा आणि दोन बॉल जोरात आपटले तर कधीकधी टिकलीसारखा बार व्हायचा. कोलोरॅडोतल्या एका दारूगुत्त्याच्या मालकाने त्याला कळवलं होतं की, मला स्वतःला आवाजाचं काही नाही, पण आवाज झाला की खोलीतला प्रत्येक जण पिस्तूल उपसतो.

आळशी_बोका

हा प्रतिसाद वाचून मी हातातला चहाचा कप हळूच टेबलावर ठेवला.

रानवाटा

थोडक्यात, प्लास्टिकने हत्ती वाचवले. प्लास्टिकला शिव्या देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जुनं_कपाट

रानवाटा, हे वाक्य सगळीकडे फिरतं, पण पटत नाही. सेल्युलॉइडचा बॉल हस्तिदंतासारखा उडत नसे, म्हणून कसलेले खेळाडू त्याला नाकं मुरडत. सेल्युलॉइडचा खप झाला तो कंगवे, कॉलर, दातांच्या कवळ्या आणि फिल्ममध्ये. मोठ्या स्पर्धांत हस्तिदंती बॉल १९२० च्या दशकापर्यंत टिकले. शिवाय सुळे फक्त बिलियर्ड्ससाठी जात नव्हते. पियानोच्या पट्ट्या, सुऱ्यांच्या मुठी, कंगवे, सगळ्यालाच हस्तिदंत. पर्याय निघाल्यावरही हत्ती मरतच राहिले. आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचा निर्णय झाला तो १९८९ मध्ये. हायटच्या पेटंटनंतर ११९ वर्षांनी.

रानवाटा

कंगव्यांची मागणी तरी कमी झाली ना? पण मुद्दा पोचला. ‘वाचवले’ मागे घेतो, ‘थोडी उसंत दिली’ म्हणतो.

जुनं_कपाट

उसंत चालेल.

कोपऱ्यातला_काळा

मी पंधरा वर्षं खेळतो. आजचे बॉल फिनॉलिक रेझिनचे. १९०७ मध्ये लिओ बेकलंडने फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट केलं, त्याच घराण्यातली ही राळ. एकदा तापवून घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही, म्हणूनच टिकते. जोराच्या ब्रेकला, म्हणजे सुरुवातीच्या फटक्याला, पांढरा (क्यूने मारायचा तो बॉल) निघताना घसरतो तेव्हा कापडावर पांढरे ठिपके उमटतात, ती घासून झालेली भाजल्याची खूण. स्वस्तातले पॉलिएस्टरचे बॉल काही महिन्यांत निस्तेज होतात. आवाजातच फरक कळतो, चांगला बॉल ‘टक्’ करतो, हलका ‘टप्प’.

मापं सांगतो, पेन्सिलचोर यांना उपयोग होईल. पूलचा बॉल ५७.१५ मिमी, १५६ ते १७० ग्रॅम. स्नूकर आणि इंग्लिश बिलियर्ड्सचा ५२.५ मिमी. पॉकेट नसलेल्या कॅरम बिलियर्ड्सचा या तिघांत मोठा, ६१.५ मिमी, २०५ ते २२० ग्रॅम. तुमचा मोजून सांगा.

गणिताचा_मास्तर

डुलण्याबद्दल. दोन शक्यता दिसतात. एक, बॉल गोल आहे पण वजनाचा मध्य सरकलेला. दोन, वजन सारखं पसरलेलं आहे पण बॉलच गोल नाही.

दोन्हींत फरक करणं सोपं आहे. वजनाचा मध्य सरकला असेल तर जड बाजू खाली जाईल आणि दर वेळी एकच जागा वर येईल. बॉल लांबट असेल तर तो लांब अक्ष आडवा करून बसेल, अंड्यासारखा. मग वर काय येईल त्याचा नेम नाही, पण लांब अक्षाची टोकं कायम कुशीला. पेन्सिलचोर, वीस वेळा सोडा आणि दर वेळी वर आलेल्या जागी शिसपेन्सिलीने पुसट खूण करा. पेन्सिल तुमच्याकडे असेलच.

मीठभाकर

एवढा खटाटोप कशाला? गोल्फवाले मिठाच्या पाण्यात बॉल तरंगवतात. बोटाने फिरवला की दर वेळी जड बाजू खाली. तसंच करा.

गणिताचा_मास्तर

गोल्फचा बॉल पाण्यापेक्षा किंचितच जड, मीठ घातलं की तरंगतो. पूलच्या बॉलचं घनफळ ९७.७ घन सेंमी, वजन १७० ग्रॅम धरलं तर घनता १.७४. मिठाचं पाणी कितीही खारवा, १.२ च्या पुढे जात नाही. दगडासारखा तळाला जाईल.

कापूरगौर

आणि हस्तिदंत असेल तर पाणी हे सुईइतकंच वाईट. शोषून फुगेल, सुकताना तडकेल. या धाग्यावर लोक त्या बॉलच्या जिवावरच उठलेत.

झोपाळू_न्यूटन

मूळ प्रश्नावर पेन्सिलचोर येईपर्यंत माझी एक शंका. शाळेत शिकलो की सारख्या वजनाचे दोन बॉल तिरके आदळले की ९० अंशांत फाकतात. खेळायला गेलो तर कधीच ९० दिसत नाही. पुस्तक खोटं की मी?

कोपऱ्यातला_काळा

पुस्तक. पांढरा घरंगळत गेला आणि अर्धा बॉल लागला, म्हणजे समोरच्याच्या निम्म्याच भागावर आदळला, की तो मूळ रेषेपासून साधारण ३४ अंश वळतो. लक्ष्याचा बॉल दुसऱ्या बाजूला ३० अंश. बेरीज ६४. यावर आमचा सगळा पोझिशनचा खेळ चालतो, ९० धरून खेळलात तर पांढरा भलतीकडेच.

गणिताचा_मास्तर

पुस्तक खोटं नाही, अर्धवट आहे. दोन बॉल एकमेकांना चिकटतात ते मिलिसेकंदाच्याही अंशभर. तेवढ्यात पुढे जायचा वेग वाटला जातो, पण गुळगुळीत बॉल एकमेकांची गिरकी फारशी घेऊ शकत नाहीत. म्हणजे आदळताच पांढरा ९० च्या रेषेवरच निघतो, पण पुढे घरंगळायची जुनी गिरकी त्याच्या अंगात तशीच असते. ती कापडावर घासून त्याला पुढे ओढते, वाट वाकते आणि शेवटी ३४ वर स्थिरावते. ९० हवेच असतील तर पांढरा आदळताना गिरकीशिवाय नुसता घसरत असला पाहिजे. कोपऱ्यातला_काळा ज्याला स्टन म्हणत असतील तो.

समोरासमोर मारून बघा, फार सुंदर दिसतं. घरंगळणारा पांढरा आदळल्यावर क्षणभर जागीच थबकतो, जागच्या जागी फिरतो, आणि मग कुणीतरी मागून हलकेच ढकलल्यासारखा चालू लागतो. शेवटी त्याच्याकडे मूळ वेगाचा २/७ भाग उरतो, दुसऱ्याकडे ५/७.

कोपऱ्यातला_काळा

त्याला आम्ही फॉलो म्हणतो. गिरकी उलटी दिली की स्क्रू, पांढरा माघारी. तुमचं २/७ वगैरे पहिल्यांदाच ऐकलं, पण थबकणं हजारदा पाहिलंय. स्टनला मी हो म्हटलं असं समजा.

गणिताचा_मास्तर

हे सगळं गणित एका फ्रेंच माणसाने १८३५ मध्ये अख्ख्या पुस्तकात मांडून ठेवलंय. गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस. चक्रीवादळांना गिरकी देणारा तोच कोरिओलिस. त्याच वर्षी त्याचा फिरत्या संदर्भचौकटींवरचा निबंधही आला. बॉलला टेबलापासून व्यासाच्या ७/१० उंचीवर आडवा फटका दिला तर तो न घसरता पहिल्या क्षणापासून घरंगळतो. त्याच्या खाली मारला की आधी घसरतो. बरोबर मध्यावर मारला तर घसरणं संपून घरंगळायला लागेपर्यंत वेग ५/७ वर आलेला असतो.

झोपाळू_न्यूटन

मग टेबलाच्या कडेच्या कुशनचं नाकही ७/१० वर असेल?

कोपऱ्यातला_काळा

नसतं. पूलच्या नियमात ६२.५ ते ६४.५ टक्के. नाक फार वर असेल तर बॉल खाली कापडात दाबला जातो, फार खाली असेल तर उडी मारतो. कुशन रबराचं, दबतं. मास्तरांच्या वहीतलं कुशन दगडाचं असतं.

गणिताचा_मास्तर

मान्य. वहीत रबर फक्त खोडायला असतं.

आळशी_बोका

अवांतर: ‘पृथ्वी बिलियर्ड्सच्या बॉलएवढी केली तर बॉलपेक्षा गुळगुळीत असेल’ हे खरं का?

गणिताचा_मास्तर

नाही. नियमात ५७.१५ मिमीच्या पुढेमागे ०.१२७ मिमी चालतात, तो आकडा बघून कुणीतरी हे काढलं. पण ती मुभा व्यासाची आहे, खरखरीतपणाची नाही. पृथ्वी त्या मापाची केली तर एव्हरेस्ट ०.०४ मिमी. ध्रुवाकडे चपटी असूनही मापाच्या मुभेत बसेल, पण हिमालयावरून बोट फिरवलंत तर ३२० नंबरचा पॉलिश पेपर लागेल. पॉलिश केलेला बॉल त्याच्या कितीतरी पट नितळ असतो.

उंटावरचा_शहाणा

मीही एक अवांतर टाकतो, या वेळी बिनधोक. नाणं टाकून खेळायच्या टेबलात बाकीचे बॉल आत अडकतात आणि पांढराच तेवढा बाहेर येतो, तो ओळखतो कसा? काही टेबलांत पांढरा वेगळ्या मापाचा असतो, काहींत त्याच्या पोटात लोखंडी माल असतो आणि वाटेतलं चुंबक त्याला वेगळ्या रुळावर ओढतं. म्हणून तिथला पांढरा वेगळा वागतो. जड पांढऱ्याला स्क्रू करायला जाल तर मागे यायच्या ऐवजी पुढेच रेटतो.

कोपऱ्यातला_काळा

उंटावरून पहिला बरोबर प्रतिसाद! +१

तिरपी_नजर

क्यूच्या टोकाला घासतात तो चॉक पण खडूचा नसतो म्हणे?

कोपऱ्यातला_काळा

नसतो. १८९७ च्या पेटंटपासून त्यात सिलिका आणि कोरंडमसारखी कणखर भुकटी असते. क्यूच्या टोकावरचं चामडं बॉलवरून निसटू नये म्हणून. चामडं लावायची युक्ती फ्रान्सच्या मँगो नावाच्या माणसाची, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. त्याआधी साइड (बॉलला आडवी गिरकी) मारायला गेलं की क्यू सटकायचा. याच चॉकचा कण दोन बॉलच्या मध्ये आला तर बॉल किंचित उडतो आणि शॉट फसतो. स्नूकरमध्ये त्याला किक म्हणतात, मग रेफरी पांढरे हातमोजे घालून बॉल पुसत बसतो.

जुनं_कपाट

स्नूकरवरून आठवलं. तो १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मला, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने पूलच्या एका जुन्या प्रकारात रंगीत बॉल वाढवले. (पंतप्रधान झालेला चेंबरलेन वेगळा.) आज त्यात २२ बॉल असतात. सुळ्याला चार-पाच धरले तर एका संचासाठी पाच-सहा सुळे. आणि ते सगळे बॉल वजनाला सारखे जुळवायचे, वेगवेगळ्या हत्तींच्या दातांतून. रानवाटांची उसंत नसती तर हा खेळ एवढा पसरला असता का, शंकाच आहे.

रानवाटा

बघा, शेवटी प्लास्टिक कामाला आलं ना!

पेन्सिलचोर

दोन दिवस गायब होतो, माफी. मित्राकडून व्हर्नियर आणि सोनाराचा असतो तसला काटा आणला.

वजन १२७ ग्रॅम.

वीस वेळा सोडला. वर आलेल्या जागा वेगवेगळ्या, पण पेन्सिलीच्या सगळ्या खुणा जोडल्या तर बॉलच्या कमरेभोवती पट्टा होतो. ठिपका पट्ट्याच्या बाहेर, कायम कुशीला. मग ठिपक्याच्या बरोबर समोरच्या बाजूला भिंगातून पाहिलं तर तिथेही तसाच ठिपका. इतके दिवस दिसलाच नव्हता, मळ बसला होता.

ठिपका ते ठिपका ५१.९ मिमी. पट्ट्यावर कुठेही मोजलं तरी ५१.३.

गणिताचा_मास्तर

वा! म्हणजे लांबट. वजनाचा मध्य जागेवर आहे.

घनफळ साधारण ७१.५ घन सेंमी, घनता १.७८. हस्तिदंताला चालते, पण फिनॉलिकही त्याच आसपास येतो, नुसत्या वजनाने निकाल लागत नाही. सेल्युलॉइड मात्र १.४ च्या जवळ, ते बाद.

डुलण्याचा हिशोब: लांब अक्ष आडवा असताना मध्य ०.३ मिमी खाली असतो. एवढ्याशा फरकाने चढ येतो तो जास्तीत जास्त शंभराला एक. कापडावर घरंगळणारा बॉल तेवढं घर्षण सोसतोच, म्हणून तिथे हे जेमतेम जाणवलं असतं. काचेवर घर्षण कितीतरी कमी, म्हणून डुलला. तुमचं टेबल काचेचं नसतं तर हा धागा निघालाच नसता.

जुनं_कपाट

दोन ठिपके म्हणजे बुडबुडा नव्हे, सुळ्याच्या नसेची दोन टोकं. आणि लांबट होण्याचं कारणही तेच: हस्तिदंत सुकताना सुळ्याच्या लांबीत कमी आणि रुंदीत जास्त आकसतो. ५२.५ चा गोल बॉल वर्षानुवर्षं ट्रंकेत आकसला, आडवा जास्त, उभा कमी. प्लास्टिक असं दिशा बघून आकसत नाही.

शेवटची खात्री हवी तर ठिपक्याभोवती भिंगातून बघा. एकमेकांना छेदणाऱ्या कमानींची जाळी दिसायला हवी.

पेन्सिलचोर

दिसतेय! खिडकीशी तिरपा धरल्यावर दिसली. ठिपक्याजवळ पुसट, बाहेर सरकावं तशी स्पष्ट. दोन्हीकडे. पट्ट्यावर जाळी नाही, तिथे नुसत्या लांब रेघा, लाकडाच्या रंध्रांसारख्या.

रानवाटा

कमानींच्या कोनावरून हत्ती की मॅमथ तेही कळतं ना? मोठा कोन असेल तर हत्ती?

जुनं_कपाट

कळतं, पण त्यासाठी सुळ्याच्या बाहेरच्या कडेजवळच्या रेषा लागतात. गाभ्याजवळ हत्तीच्याही रेषा लहान कोनात छेदतात. हा बॉल नसेभोवतीच्या गाभ्यातला, त्यामुळे यावरून मॅमथ जाहीर करू नका.

आळशी_बोका

आजोबा मॅमथच्या काळातले नसावेत.

कापूरगौर

पुसायचाच असेल तर कोरड्या मऊ फडक्याने. ऊन, हीटर, पाणी, पॉलिश काही नको. मोजा चांगला होता, त्यातच परत ठेवा. पेन्सिलीच्या खुणा हलक्या हाताने.

पेन्सिलचोर

खुणा राहू देतोय. पट्टा बघायला छान वाटतो.

तिरपी_नजर

माझ्या मोज्याचं उत्तर राहिलंच. जोडीतला दुसरा कुठाय?

पेन्सिलचोर

तुमचा प्रश्न वाचून आत्ता पुन्हा ट्रंक उपसली. तळाच्या कागदाखाली होता. त्यात बॉल नाही. निळ्या चॉकचा तुकडा आहे, मधोमध अंगठा बसेल एवढा खड्डा पडलेला.